चौथी नळी : दाढेतून सायनसपर्यंत गेलेल्या संसर्गाचं एक प्रकरण

"मॅडम, उंदीर मेल्यावर येतो ना, तसा वास येतो बघा. डाव्या नाकातनंच. घरात कुणालाच येत नाही, मला एकटीलाच."

रुग्ण ४६ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात कांदा-लसूण मसाला करून विकणाऱ्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्या दातांच्या दवाखान्यात मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन. मिरची किती भाजायची, खोबरं कुठल्या क्षणी कढईतून उतरवायचं, हे त्या नाकावर ठरवतात. गेली दोन वर्षं मात्र भाजणीच्या वेळी जाऊबाईंना शेजारी उभं करावं लागत होतं. "करपलं का गं?" हे विचारावं लागणं त्यांना गालाच्या जडपणापेक्षा जास्त लागलेलं होतं, हे त्यांच्या बोलण्यातून सारखं जाणवत होतं.

वासाबरोबर डाव्या गालात जडपणा, खाली वाकलं की तो वाढायचा. सकाळी घशात घट्ट, पिवळा, खारट स्राव. दाढ दुखते का, असं मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. दुखत नव्हती. कधीच दुखली नव्हती. सहा वर्षांपूर्वी वरच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल झालं होतं, वर कॅप बसवली होती, आणि ती दाढ म्हणजे आपल्या तोंडातली सगळ्यात विश्वासाची दाढ असं त्या समजत होत्या.

दोन वर्षांत अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले होते. दर वेळी आठवडा-दोन आठवडे बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मसाल्याच्या धुरळ्याची ॲलर्जी असेल म्हणून नाकात स्प्रे, रोज वाफारा. वास मनाचा भास असेल, असंही एका ठिकाणी ऐकून घ्यावं लागलं. मधे एकदा दाढेचा छोटा एक्स-रे काढून "रूट कॅनल छान आहे" असं सांगितलं गेलं होतं. शेवटी नाक-कान-घशाच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं तेव्हा डाव्या बाजूच्या मधल्या फटीतून पू उतरताना दिसला. सीटी स्कॅनमध्ये गालातला डावा सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, जवळजवळ भरलेला, उजवा स्वच्छ. त्यांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली होती : वरच्या डाव्या दाढा तपासून घ्याव्यात.

या ओळीला मी फार मानते. ॲलर्जी सहसा दोन्ही नाकपुड्यांना सोडत नाही. सायनस एकाच बाजूचा असेल आणि त्याला घाण वास असेल, तर नाकाच्या खालच्या मजल्यावर जाऊन बघावंच लागतं. वरच्या दाढांची मुळं आणि गालाचा सायनस यांच्यात पुष्कळदा कागदाएवढं हाड असतं. काही जणांत तेवढंही नसतं, मुळाच्या टोकावर सायनसचं नुसतं अस्तर. नॅथॅनिएल हायमोर या इंग्लिश वैद्याने या पोकळीचं वर्णन केलं ते १६५१ मध्ये, आणि त्यात दात काढल्यावर ती पोकळी उघडी पडलेल्या एका बाईची हकिकतही दिली आहे. म्हणजे शेजार जुना आणि माहितीतला. तरीही जुन्या पाठ्यपुस्तकांत सायनसच्या शंभर रुग्णांत दहा-बारा दातांमुळे, एवढंच लिहिलेलं असायचं. सीटीच्या काळातल्या काही अहवालांत हा आकडा ४० पर्यंत गेला आहे.

आणि दाढ का दुखली नाही? ठणका लागतो तो कोंडलेल्या पुवामुळे. हाडात जागा नसते, दाब वाढतो, माणूस रात्रभर गाल धरून बसतो. इथे पुवाला वर मोकळी खोली मिळाली होती. दाब साठलाच नाही. जिला आपण रोगाची पहिली खूण समजतो तीच गायब. सायनसचं निचऱ्याचं भोक तळाशी नसतं, आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला असतं, म्हणून तळाशी साचलेलं सहजी निघत नाही. अँटिबायोटिकने सायनसमधले जंतू काही दिवस दबतात, पण खालून पुरवठा चालूच राहतो.

तपासणी

आरशाच्या दांड्याने टकटक केलं तेव्हा संशयित दाढ शेजारच्या दाढांपेक्षा "वेगळी लागते, पण दुखत नाही" असं ताई म्हणाल्या. हिरडीवर, गालाकडच्या पुढच्या मुळाच्या टोकावर बोट दाबलं तेव्हा किंचित हुळहुळलं. सूज नाही, हिरडीवर पुळी नाही. हिरडी आणि दाढ यांच्यातल्या फटीची खोली सगळीकडून तीन मिलिमीटर. हा आकडा मी दाढेभोवती अगदी बारीक पावलांनी मोजते. मूळ उभं तडकलेलं असेल तर एकाच जागी मापणी एकदम खोल जाते, आणि मग बाकीच्या सगळ्या विचाराला अर्थ उरत नाही. तसं नव्हतं.

थंडाची चाचणी आधी उजव्या बाजूच्या निरोगी दाढेवर केली, म्हणजे "लागलं" म्हणजे काय हे ताईंना कळावं. गार फवारा मारलेला कापसाचा बोळा मग डाव्या बाजूच्या दातांवर. संशयित दाढेच्या पुढचा दात : लगेच लागलं, बोळा काढताच थांबलं. मागची दाढ : तसंच. दोघांची नस जिवंत आणि शांत. याचा अर्थ संशयित एकच उरला. ही साधी, दोन मिनिटांची चाचणी न करता थेट मोठा स्कॅन मागवण्याची घाई आमच्याकडे वाढली आहे आणि ती मला पटत नाही. स्कॅन हाडातला खड्डा दाखवतो, नस जिवंत आहे की नाही हे तो सांगू शकत नाही.

मग छोटा एक्स-रे. आणि खरंच, पहिल्या नजरेला रूट कॅनल छान होतं. तीन मुळं, तीन पांढऱ्या रेषा (नस असते त्या मुळातल्या नळ्यांमधलं भरण एक्स-रेवर पांढरं दिसतं), तिन्ही टोकापर्यंत पोचलेल्या. पण दोन गोष्टी खटकल्या. गालाच्या हाडाची सावली नेमकी मुळांच्या टोकांवर पडली होती, म्हणजे तिथे काळं, म्हणजे हाड झिजलेलं, आहे की नाही हे ठरवणारं चित्रच नव्हतं. दुसरी जास्त महत्त्वाची. एक्स-रे यंत्राचा कोन मागच्या बाजूने वळवून दुसरा एक्स-रे काढला तेव्हा पुढच्या मुळातली पांढरी रेषा मुळाच्या मधोमध नव्हती, एका कडेला सरकली होती. मूळ एखाद्या घरासारखं धरलं तर भिंतीला खेटून एकच खोली आणि उरलेली अर्धी जागा रिकामी, असं सहसा नसतं. मध्यापासून सरकलेलं भरण दिसलं की त्या मुळात दुसरी नळी राहून गेली आहे असं समजून पुढे जायचं.

छोट्या एक्स-रेवर हाडाचा रोग दिसला नाही म्हणजे तो नाही, असं म्हणता येत नाही हे बेंडर आणि सेल्ट्झर यांनी १९६१ मध्ये दाखवलं. हाडाच्या आतल्या जाळीदार भागात त्यांनी मुद्दाम पोकळी केली तरी एक्स-रेवर ती उमटेना. बाहेरचं टणक कवच कुरतडलं गेलं की मग ती दिसू लागे. साठ वर्षांहून जुनी गोष्ट, पण "एक्स-रे नॉर्मल आहे" हे वाक्य आजही शेवटच्या निकालासारखं उच्चारलं जातं.

म्हणून आता, दाढ आणि सायनस दोन्हींबद्दलचे प्रश्न नेमके झाल्यावर, फक्त त्या भागाचा सीबीसीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन मागवला. कॅपच्या धातूमुळे चित्रात रेघोट्या येतात, त्या रेघोट्यांना काळे डाग समजण्याची चूक होऊ शकते, म्हणून कॅपपासून दूर, मुळाच्या मधल्या थरावरचा आडवा छेद मी आधी बघते. पुढचं मूळ तिथे शेंगेसारखं लांबट दिसत होतं. गालाच्या टोकाला लख्ख पांढरा ठिपका, म्हणजे भरलेली नळी. टाळूकडच्या टोकाला बारीक काळा ठिपका. तीच चौथी नळी, कुणीही न शिरलेली. वर सरकत टोकाशी गेलं की त्या मुळाभोवती सुमारे सहा मिलिमीटरचा काळा गोल, त्यावरची सायनसच्या तळाची पांढरी रेघ तुटलेली, आणि तुटलेल्या जागेवर सायनसचं अस्तर घुमटासारखं फुगलेलं, नऊ मिलिमीटर. उरलेल्या दोन मुळांभोवती हाड शाबूत.

निदान असं लिहिलं : पूर्वी उपचार झालेली दाढ, पुढच्या मुळातली एक नळी उपचाराविना, मुळाच्या टोकाचा जुना संसर्ग, त्यातून डाव्या सायनसचा दाह.

चौथी नळी कुणाची?

इथे थोडं थांबायला हवं, कारण सहा वर्षांपूर्वीच्या दंतवैद्याला दोष देऊन पुढे जाणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात दुसरी नळी असणं हा अपवाद नाही, नियम आहे. कुलिल्ड आणि पीटर्स यांनी १९९० मध्ये वरच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढांची मुळं तपासली तेव्हा ९५.२ टक्के मुळांत ती सापडली. पण कशी सापडली ते बघा : हाताच्या हत्याराने ५४.२ टक्के, बर (ड्रिलचं बारीक टोक) फिरवून खोल गेल्यावर आणखी ३१.३ टक्के, आणि सूक्ष्मदर्शकाखाली उरलेल्या ९.६ टक्के. म्हणजे चांगला हात, चांगली नजर आणि भरपूर वेळ असूनही निम्म्याच्या आसपास नळ्या नुसत्या हाताला लागत नाहीत. ताईंच्या जुन्या उपचारात तीन नळ्या नीट साफ करून नीट भरलेल्या होत्या. ज्याने ते केलं त्याने मन लावून केलं होतं. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नव्हता, इतकंच.

आणि राहिलेली नळी नेहमी त्रास देतेच असंही नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या काराबुजाक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये रूट कॅनल झालेल्या १,३९७ दाढा-उपदाढांचे स्कॅन पाहिले. २३ टक्के दातांत एखादी नळी राहिलेली होती. अशा दातांत मुळाच्या टोकाशी रोग असण्याची शक्यता इतरांपेक्षा ४.३८ पट. पण काही दातांत नळी राहूनही हाड निरोगी होतं. आत जंतू पोचले आहेत की नाही, यावर सगळं ठरतं.

हे जंतूंचं म्हणणं आज सरळ वाटतं, पण ते सिद्ध व्हायला १९६५ साल उजाडावं लागलं. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी दोन प्रकारच्या उंदरांच्या दाढांची नस उघडी पाडली आणि तशीच उघडी ठेवली. नेहमीच्या उंदरांत नस सडली, गळू झालं. जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत, दाढेत अन्नाचे कण अडकलेले असूनही, नस जिवंत राहिली आणि जखमेवर दातानेच नवं आवरण बांधलं. स्वीडनमधल्या सुंडक्विस्ट यांनी १९७६ मध्ये माणसांच्या दातांवर त्याला जोड दिली. मार लागून नस मेलेले, पण बाहेरून एकही भोक नसलेले दात त्यांनी घेतले. ज्या १९ दातांच्या टोकाशी हाडात रोग होता त्यांतल्या १८ दातांत जंतू सापडले. रोग नसलेल्या दातांतली मेलेली नस जंतुविरहित निघाली. सापडलेल्या जंतूंपैकी ९० टक्क्यांहून जास्त प्राणवायू नको असणारे. ताईंना येणारा वास याच मंडळींचा.

काय करायचं

तीन वाटा होत्या. दाढ काढून टाकणं, मुळाच्या टोकाशी शस्त्रक्रिया करणं, किंवा जुनं भरण काढून रूट कॅनल नव्याने करणं. ताईंच्या घरून दाढ काढण्याचा कल होता. "काढली की सुंठेवाचून खोकला गेला" असं त्यांचे यजमान म्हणाले. चुकीचं नव्हतं, दाढ काढली असती तर संसर्गाचं मूळ गेलंच असतं. पण सायनसचा तळ आधीच तुटलेला, त्यात दाढ काढून तोंड आणि सायनस यांच्यात भोक राहण्याचा धोका, आणि नंतर त्या जागी इम्प्लांट करायचं म्हटलं तर हाडच नाही.

नव्याने रूट कॅनल किती वेळा यशस्वी होतं, हे त्यांनी विचारलं, आणि मी आकडे लपवले नाहीत. शोग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आठ ते दहा वर्षांचा पाठपुरावा छापला. टोकाशी रोग नसलेल्या दातांत पहिल्या उपचाराला ९६ टक्के यश, रोग असलेल्यांत ८६ टक्के, आणि रोग असलेल्या दाताचा उपचार दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर ६२ टक्के. घाबरवणारा आकडा आहे. पण इटलीतल्या गोर्नी आणि गाल्यानी यांनी २००४ मध्ये एक फरक केला, जो मला अशा रुग्णांच्या वेळी नेहमी आठवतो. जुन्या उपचारात नळीचा मूळ आकार बिघडलेला असेल, म्हणजे पायरी पडली असेल, भोक पडलं असेल, तर दुसऱ्या उपचाराला ४७ टक्के यश. आकार जपलेला असेल तर ८६.८ टक्के. ताईंची चौथी नळी तर कुणी हातही लावलेली नव्हती. वरकरणी दुसरा उपचार, पण त्या नळीपुरता पहिलाच. त्यातले जंतूही पहिल्या संसर्गासारखे असण्याची शक्यता जास्त. फसलेल्या रूट कॅनलमध्ये वारंवार सापडणारा, चुन्याच्या औषधालाही दाद न देणारा एंटरोकॉकस फीकॅलिस हा जंतू औषधांच्या माऱ्यातून तगून राहिलेला असतो. या नळीत औषध कधी गेलंच नव्हतं.

ताई म्हणाल्या, "मग करूया. काढायची ती कधीही काढता येईल."

दाढ उघडली तेव्हा

कॅप कापून काढली. कॅपमधून भोक पाडून आत जाता येतं, पण मला दाढेच्या भिंती बघायच्या होत्या. मागच्या कडेला कॅपखाली थोडी कीड निघाली, ती साफ केली, तडा नाही याची खात्री केली. रबर डॅम लावला. हा रबराचा पडदा १८६४ पासून दंतवैद्यकात आहे आणि तो न लावता रूट कॅनल करणं म्हणजे विहीर उपसताना ओढ्याचं पाणी आत सोडण्यासारखं आहे. थुंकीतले जंतू आत जात राहतात.

सूक्ष्मदर्शकाखाली तळ स्वच्छ केला. दाढेच्या पोकळीचा तळ भिंतींपेक्षा गडद असतो, नळ्यांची तोंडं तळ आणि भिंत मिळतात त्या रेषेवरच असतात, आणि तोंडातोंडांना जोडणाऱ्या गडद रेषा तळावर उमटलेल्या असतात. क्रॅस्नर आणि रँको यांनी ५०० दात कापून हे नियम २००४ मध्ये मांडले. इथे तीन तोंडं स्पष्ट होती. गालाकडच्या पुढच्या तोंडापासून टाळूकडे एक रेषा निघत होती आणि दीड-दोन मिलिमीटरवर भिंतीखाली जाऊन लुप्त होत होती. भिंत तिथे पुढे आलेली, फिकट पिवळ्या दंतद्रव्याचा एक कट्टा. कट्ट्याखाली काहीतरी असणार.

बारीक अल्ट्रासॉनिक टोकाने तो कट्टा अर्धा-अर्धा मिलिमीटर खरवडत गेले. घाई केली तर इथेच मुळाला भोक पडतं. थोडं खरवडायचं, धुवायचं, वाळवायचं, बघायचं. भेगेत पांढरी भुकटी साचून एक ठिपका दिसू लागला. खोलगट जागी भुकटी अडकते, म्हणून ही खूण चांगली. मग तळावर सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाचे थेंब सोडून हात मागे घेतला आणि नुसतं पाहत राहिले. अर्ध्या मिनिटात त्या ठिपक्यातून सोड्याच्या बाटलीत येतात तसे बारीक बुडबुडे, एकामागून एक, एकाच जागेतून वर येऊ लागले. हायपोक्लोराइट सडलेल्या मांसल भागाशी भिडलं की असे बुडबुडे येतात. खाली काहीतरी कुजलेलं होतं आणि औषध पहिल्यांदाच त्याच्यापर्यंत पोचत होतं.

आठ नंबरची फाइल, म्हणजे नळी घासायचं सुईसारखं हत्यार, जिचं टोक ०.०८ मिलिमीटर, त्या ठिपक्यावर टेकवली. टोक चिकटल्यासारखं अडकलं आणि आत गेलं. फाइल बाहेर काढली, मागोमाग कागदी सुई घालून काढली, तर तिच्या टोकाला करडा-तपकिरी ओलावा. आणि मास्कमधूनही वास आला.

मी म्हटलं, "ताई, वास आला. तुम्ही सांगता तोच असणार. मला आला."

रबर डॅममुळे त्यांना बोलता येत नव्हतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मी हत्यारं बाजूला ठेवली आणि त्यांना एक मिनिट दिलं.

पुढचं काम सरळ, पण जपून करण्याचं. विजेच्या लहरीवर लांबी मोजणाऱ्या यंत्राने चौथी नळी १९ मिलिमीटर आली, एक्स-रेने ती पक्की केली. उरलेल्या तीन नळ्यांतलं जुनं भरणही काढलं, कारण सहा वर्षं एकाच पोकळीत शेजारी संसर्ग असताना त्यांना निर्दोष मानणं बरोबर नव्हतं. फाइल नळीच्या भिंतीला सगळीकडे लागत नाही. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सूक्ष्म सीटीने मोजलं तेव्हा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भिंत हत्याराने न शिवलेली निघाली. म्हणजे फाइल रस्ता करते, साफसफाई द्रवच करतो. ३ टक्के हायपोक्लोराइट, प्रत्येक नळीत थोडं-थोडं, पुन्हा पुन्हा, अल्ट्रासॉनिक टोकाने घुसळून. पण सुई बाजूला भोक असलेली, टोकापासून दोन-तीन मिलिमीटर मागे आणि बोटाचा दाब अगदी हलका. या दाढेवर सायनसचा तळ तुटलेला होता. हायपोक्लोराइट वर ढकललं गेलं असतं तर सायनसचं अस्तर भाजलं असतं. शेवटी १७ टक्के ईडीटीए (घासताना भिंतीवर बसलेला भुकटीचा थर काढणारा द्रव), पुन्हा हायपोक्लोराइट, वाळवणं, आणि चारही नळ्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुन्याचं औषध. वर घट्ट तात्पुरतं भरण. एक तास चाळीस मिनिटं.

"आणि गोळ्या?"

खुर्चीवरून उठताना ताईंनी हाच प्रश्न विचारला. मी दुखण्याची साधी गोळी लिहिली, अँटिबायोटिक नाही. त्या साशंक झाल्या. यजमान जास्तच. "एवढा पू निघाला म्हणता आणि औषध नाही?"

मी कागदावर दाढ काढून दाखवली. गोळी पोटातून रक्तात जाते, रक्तातून मुळाच्या टोकापर्यंत येते आणि तिथेच थांबते. मेलेल्या नसेत रक्तवाहिनीच उरलेली नाही, आत जाणार कशी? तुमच्या चार कोर्सनी हेच झालं. ताप असता, सूज पसरत असती, गिळायला त्रास होत असता किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असता, तर मी गोळ्या दिल्या असत्या. ताईंची साखर तपासलेली होती, ठीक होती. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये काढलेली मार्गदर्शिकाही हेच सांगते : निरोगी प्रौढ माणसात दातावरचा उपचार लगेच शक्य असेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नसते. आपल्याकडे दाढ दुखली की मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणण्याची सवय इतकी मुरली आहे, की चिठ्ठीवर गोळी नसली तर उपचारच झाला नाही असं लोकांना वाटतं. मला दर आठवड्याला हे चित्र कागदावर काढावं लागतं आणि मी ते कंटाळा न करता काढते. काही त्रास वाढला तर रात्रीही फोन करा, असं सांगून नंबर दिला. फोन आला नाही.

नंतर

सतरा दिवसांनी ताई आल्या त्या बोलतच. "मॅडम, परवा मिरच्या भाजताना ठसका लागला. दोन्ही नाकांनी लागला!"

वास आठव्या-नवव्या दिवसापासून कमी होत गेला होता. नळ्या पुन्हा उघडल्या, कोरड्या होत्या, वास नव्हता. नळीतला नमुना घेऊन जंतूंची वाढ तपासावी का, याचा मी विचार केला होता. शोग्रेन यांच्याच १९९७ च्या अभ्यासात भरण्याच्या वेळी जंतू न सापडलेल्या दातांत ९४ टक्के यश होतं, सापडलेल्यांत ६८ टक्के. मोठा फरक. तरी केली नाही, कारण कागदी सुई मुख्य नळीतलं तरंगणारं तेवढं टिपते, भिंतीच्या खाचांत चिकटलेले थर तिला लागत नाहीत, आणि नकारात्मक अहवालाने मी निष्काळजी झाले असते. पुन्हा धुतलं, गटा पर्चा (रबरासारखं भरण) आणि फटी बुजवणारा कॅल्शियम सिलिकेटचा सीलर वापरून चारही नळ्या भरल्या, त्याच दिवशी वरचं पक्कं भरण केलं. वरचं भरण गळकं राहिलं तर खालची मेहनत पाण्यात जाते. तीन आठवड्यांनी नवी कॅप.

तीन महिन्यांनी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. मधली फट स्वच्छ. सायनसची शस्त्रक्रिया लागू शकते हे ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं, कारण काही रुग्णांत दाढ बरी झाली तरी निचऱ्याचं भोक बुजलेलंच राहतं. ती वेळ आली नाही.

एका वर्षाने पुन्हा त्याच भागाचा स्कॅन. मधे काढला नाही, किरणोत्सर्गाचा प्रत्येक डोस कारणाशिवाय नको. मुळाभोवतीचा काळा गोल सहावरून दोन मिलिमीटरवर आला होता. सायनसच्या तळाची पांढरी रेघ पुन्हा जुळली होती, एका जागी अजून पातळ. अस्तर नऊवरून एक मिलिमीटर. याला मी बरी झालेली म्हणत नाही, बरी होत असलेली म्हणते. हाड पुरतं भरायला चार वर्षंही लागू शकतात, म्हणून दरवर्षी बोलावणार आहे.

एक गोष्ट उरली आहे. उजव्या बाजूच्या त्याच दाढेचंही रूट कॅनल त्याच सुमारास झालेलं आहे. कोन बदलून काढलेल्या एक्स-रेमध्ये तिथेही पुढच्या मुळातलं भरण कडेला सरकलेलं दिसतं. चौथी नळी बहुधा तिथेही राहिली आहे. पण जुन्या सीटीत उजवा सायनस स्वच्छ होता, मुळाभोवतीचं हाड शाबूत, हिरडी ठीक, तक्रार काही नाही. ताईंना हे सगळं दाखवून दोन्ही बाजू सांगितल्या : आता उघडली तर चांगल्या कॅपला आणि शाबूत दाढेला हात लागणार, नाही उघडली तर पुढे कधी जंतू शिरण्याची शक्यता उरणार. त्यांनी थांबायचं ठरवलं, आणि माझंही मत तेच होतं. पुढच्या वर्षीच्या तपासणीच्या कागदावर मी दोन्ही दाढांचे नंबर लिहिले आहेत, आणि खाली ताईंसाठी एक सूचना : उजव्या नाकाने वास आला तर तारखेची वाट बघू नका.